कळ म्हणजे?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही — घरात सगळे मला गरीब गाय समजतात. समजू देत.

पिंपरीजवळच्या एका रुग्णालयात मी नर्सिंग शिकत होते. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत खरा पेशंट नसे. आमच्यातलीच एक मुलगी पेशंट होऊन खाटेवर झोपायची, दुसरी तिला तपासायची. बाकीच्या मुली या लुटुपुटीच्या परीक्षेला नावं ठेवायच्या. मला मात्र ती आवडे. का? खोटा पेशंट पुस्तकातलं बोलतो. वॉर्डातल्या बायका तसं बोलत नसत. इंग्रजी शाळेतून आलेली मी विचारायची, "वेदना होतात का?" कामगारांच्या बायका नुसत्या बघत राहायच्या. मग माझ्याच वर्गातली थेरगावची शालन पुढे व्हायची. "मावशे, कळ कुठं येती?" — आणि मावशी सगळं सांगून टाकायची.

"अगं, सणकन् उठतं ते दुखणं म्हंजे कळ," शालन मला समजवायची. "तुमच्या साळंत कुनाचं प्वाट दुखत न्हाई व्हय?" मुली हसायच्या. मीही हसायचे. खरंच हसायचे का?

शेवटच्या परीक्षेत शालन तपासणार होती, पेशंट मी. ती नापास झाली तर वडील तिला घरी नेऊन तिचं लग्न लावणार, हे वसतिगृहात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. "कळ कुठं येती, ताई?"

मी परीक्षक बाईंकडे पाहिलं — आणि म्हटलं, "कळ म्हणजे?"

बाई हसल्या. "तुमची कळ पेशंटला कळत नाहीये. जरा शुद्ध बोला."

शालन शुद्ध शब्द शोधू लागली. तो सापडेना, मग पुढचंही सुटत गेलं — नाडी राहिली, ताप बघायचा राहिला. मी डोळे मिटून पडले होते. पेशंटच होते ना मी?

ती नापास झाली. पेशंट छान वठवला म्हणून मला शाबासकी मिळाली.

तो शब्द मला ठाऊक होता, हे त्या खोलीत एकट्या शालनला माहीत होतं. तिनं बाईंना सांगितलं नाही. मला जाब विचारला नाही. ट्रंक भरताना एवढंच म्हणाली, "उद्या तुझा नंबर न्हवं? लवकर नीज."

महिन्याभरात तिच्या लग्नाचं बोलावणं आलं. जमणार नाही, परीक्षा आहे — असा निरोप मी पाठवला. परीक्षा कधीच संपली होती.