तिनं सांगितलं, आणि तिलाच घरी नेलं

कॅम्पवरून आले, पण जेवण गेलं न्हाय.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या सायन्स कॅम्पला शाळेतली मुलं येतात. मी तिथं व्हॉलंटिअर हाय. काल आठवीतली एक मुलगी म्हणाली, कॅम्पमधले एक सर घाण मेसेज करतात आणि कुणाला दाखवू नको म्हणतात. मी लगेच कॅम्पच्या मॅडमना सांगितलं. सरांना कालच काढलं. मला वाटलं, सुटली पोरगी.

आज कॅम्प संपायच्या आधीच हातकणंगल्याहून तिचे वडील तिला न्यायला आले. "ताई, तुमचं उपकार हाईत. पण पोरीचं नाव चार तोंडात जायला नको."

"काका, तिची काय चूक हाय?"

"काय न्हाय की," म्हणत त्यांनी तिची बॅग उचलली.

गाडीवर बसताना तिनं विचारलं, "ताई, सांगायला नको होतं का?"

मी म्हणाले, बरोबर केलंस. तिला ते पटलं न्हाय.

पुढच्या वेळी ती कुणाला सांगेल का हो?