एलोजीबाबूंची मोजणी

एलोजीबाबू माणसं मोजत नसत. म्हणजे मोजत, पण आपण मोजतो तशी नाही. आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला किती जण आलेत असं विचारलं, की ते बोट न दाखवता नुसती मान हलवत एकेकाकडे बघत आणि म्हणत, "एक नाय, दोन नाय, तीन नाय..." असं करत "अकरा नाय" वर थांबत. म्हणजे अकरा आहेत असं आपण समजायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, रेल्वेनं आमच्याकडे एक येडा माणूस धाडला.

"काऊन जी बाबू? हे अकरा लोक तुमाले दिसून नाही राह्यले का?" मी विचारलं.

"दिसतात की. पण माणसं मोजायची नसतात, पाटीलबुवा. आपण मोजली की कमी होतात. मोजायचं काम देवाचं."

मी मोठ्यानं हसणार होतो, तेवढ्यात आठवलं. खळ्यात धान मापताना पहिल्या पायलीला आम्ही तरी कुठं 'एक' म्हणतो? 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं तर बरकत जाते. माझं हसू तोंडातच राहिलं. येडे तर येडे, आम्ही दोघंही एकाच खळ्यावरचे निघालो.

हा माणूस मुळात अलिबागकडचा. बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. तिकडं त्यांना शनवारतेली म्हणत, कारण पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. तरुणपणी ते सरकारी बोटीवर आगवाले होते, भट्टीत कोळसा टाकायचे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या नदीत लढाईवर जाऊन आले. बोट सुटली, पण इंजिन काही सुटलं नाही. सालेकसा स्टेशनच्या पाणीपंपावर ते ड्रायव्हर होऊन आले. पुढं दरेकशाचा चढ, त्यामुळे इंजिनांना तहान लागायची फार, आणि ती तहान भागायची आमच्या तलावातून. आम्ही जातीचे कोहळी. आमच्या आज्यापणज्यांनी तलाव बांधले. पाण्याचा विषय निघाला की आम्ही कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तलावाची देखरेख माझ्याकडे, म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मी तरातरा पंपावर जायचो आणि बाबूंशी भांडायचो.

ते भांडत नसत. हातातला तेलाचा बोळा बाजूला ठेवत, चिलीम भरत आणि म्हणत, "वारा पडू दे, पाटीलबुवा."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्याचा अर्थ मला कळला तो आमच्या घरातल्या कठवतीमुळे, पीठ मळायच्या लाकडी परातीमुळे. एकदा ते घरी बसले होते. गोष्ट निघाली मराठ्यांच्या आरमाराची. त्यांचा कोणी खापरपणजा त्यात नाईक होता म्हणे. बाबूंनी माझ्या बायकोची, सगुणेची, कठवत उचलली, पळसाचे चार द्रोण घेतले आणि थेट तलावावर. कठवत म्हणजे फिरंग्यांचं थोरलं जहाज, द्रोण म्हणजे आमची गलबतं.

"आता बघा. याच्या दोन्ही कुशींना तोफा. समोरून गेलात की चिंध्या. म्हणून आमचे लोक काय करायचे? नुसते लांबून मागं राहायचे. वारा हाय तोवर हा राजा. वारा पडला की याचं शीड लोंबलं, याला वळता येत नाय. मग आमची गलबतं वल्ही मारत याच्या पाठीमागं जाणार. पाठीला याच्या तोफा जवळजवळ नायतच! लक्षात ठेवा, मोठ्याची पाठ नेहमी उघडी असते. फक्त वारा पडेपर्यंत थांबायची ताकद पायजे."

एवढ्यात पाळीवर सगुणा आली. "माही कठवत पाण्यात! पोळ्या का तुमच्या जहाजात थापू?" तिचा आवाज ऐकून थोरलं जहाज आणि आरमार दोन्ही जागच्या जागी थिजलं. बाबू मला हळूच म्हणाले, "थांबा. वारा पडू दे." आम्ही गप्प उभे राहिलो. ती बोलून बोलून दमली, मग तिलाच हसू आलं. कठवत आम्ही दोघांनी घासून दिली.

आमची खरी दोस्ती मात्र आधी बिघडून मग जुळली. मी एकदा तलावातला हातभर लांब मांगूर त्यांच्याकडे पाठवला. तो तसाच परत आला. असा संतापलो मी! आमच्या तलावाचा मासा परत पाठवतो हा कोण टिकोजी? तसाच गेलो. बाबू म्हणाले, "रागावू नका. खवलं नायत त्याला. खवलं नाय तो मासा आमचा नाय." दुसऱ्या दिवशी मी रोहू नेला. त्यांनी नखानं एक खवला उचलून बघितला, जणू ओळख पटवून घेतली, आणि मग डोळे भरून हसले. त्या माणसाला नियम मोडता येत नसत, आणि नियम पाळताना दुसऱ्याचं मन मोडणंही जमत नसे. त्यामुळे त्याची फार ओढाताण व्हायची. मला ते पाहून हसूही यायचं आणि मायाही वाटायची.

शुक्रवारी दिवस बुडायच्या आत ते हात राखेनं घासून तेलाचा वास घालवायचे, काचेच्या पेल्यात तिळाच्या तेलाचा दिवा लावायचे आणि शनिवारची संध्याकाळ होईस्तोवर पंपाला हात लावायचे नाहीत. तो दिवस त्यांचा मदतनीस बिसराम सांभाळायचा. बदल्यात बिसरामची दिवाळी, होळी, सगळे रविवार बाबूंकडे. "सहा दिवस माणूस इंजिन चालवतो," ते म्हणत. "सातव्या दिवशी इंजिन बंद करून ऐकायचं, आपण अजून आहोत का ते."

"म्हणजे तुमचा दर आठवड्याले पोळा," मी म्हणालो. "बैलाच्या खांद्यावर जू नोको, पोटभर चारा, अना कोणी हाणायचं नाही."

हे त्यांना इतकं आवडलं की पुढं दर शुक्रवारी मला बघून ते ओरडत, "पाटीलबुवा, उद्या पोळा!"

असा सुखी माणूस. पण वर्षातून एकदा, खऱ्या पोळ्यानंतर काही दिवसांनी, ते रजा काढून मुंबईला जात आणि चार दिवसांनी परत येत. तिकडं घर नाही, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. मग कायले जातात? एक दिवस विचारलंच.

त्यांचा धाकटा भाऊ दानियल त्यांच्याच बोटीवर होता. एकोणीस वर्षांचा. बसऱ्याच्या वर नदीचं पाणी उतरलेलं, बोट रुतायची भीती. दानियल नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून दोरीनं खोली मापायचा आणि आकडे ओरडायचा. बाबू खाली भट्टीजवळ, झरोक्यातून त्यांना भावाचा आवाज यायचा. काठावरून गोळ्या सुटायला लागल्या तरी तो मापतच होता. "आठ म्हणाला. सात म्हणाला. मग आकडाच आला नाय," बाबू म्हणाले. देह नदीनं नेला.

मेलेल्यासाठी त्यांच्यात एक प्रार्थना असते. तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची थोरवी. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा माणसं लागतात. नऊ असले तरी चालत नाही. "दुःख झालेल्या माणसाला एकटं सोडायचं नाय, म्हणून असेल," ते म्हणाले. "दहा जण जमले की तो आपोआप माणसांत येतो." आमच्या अख्ख्या मुलखात त्यांच्यातलं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मुंबई.

दुसरं महायुद्ध पेटलं आणि एका वर्षी रेल्वेच्या सगळ्या रजा बंद झाल्या. सैन्याच्या गाड्यांवर गाड्या, पंपाला उसंत नाही. दानियलचा दिवस जवळ आला. शुक्रवारी मला बघून बाबू "उद्या पोळा" म्हणाले नाहीत. मला ते सहन होईना. दहाच माणसं पाहिजेत ना? अरे, पाळीला भोक पडलं तर मी घटकाभरात पन्नास जमवतो!

त्या दिवशी दुपारी मी आठ जण घेऊन पंपावर गेलो. मी धरून नऊ, बाबू दहावे. आमचे पाच कोहळी, दोन मासेमार ढिवर आणि बिसराम. सगळ्यांना तलावात आंघोळी करायला लावल्या, धुतलेली धोतरं नेसवली आणि डोक्यावर दुपट्टे घ्यायला लावले, कारण बाबू प्रार्थनेला डोकं झाकतात हे मी पाहिलं होतं. ओळीनं उभे राहिलो. बाबू बाहेर आले. मान हलवत बघू लागले. "एक नाय... दोन नाय..." नऊपर्यंत आले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून उभेच राहिले.

मग म्हणाले, "पाटीलबुवा, दहा आमच्यातलेच लागतात हो."

माझं डोकंच सणकलं. "काऊन जी? आमी माणसं नोहो का?"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "खळ्यावर तुम्ही खोटी पायली लावाल?"

"मेलो तरी नाही लावणार."

"मग मी दानियलच्या नावानं कशी लावू?"

राग आला होता, पण त्यांचं म्हणणं माझ्याच खळ्यावरचं होतं. बाबू डोळे पुसत म्हणाले, "ती प्रार्थना राहू दे. पण एकट्यानं म्हणायचंही एक गाणं आमच्यात हाय, जहाजावरच्या लोकांचं. ते म्हणतो. तुम्ही ऐका. बसा, बसा सगळे."

उजवीकडून डावीकडे वाचायचं जुनं पुस्तक काढून ते वाचू लागले आणि मग आमच्यासाठी मराठीत सांगितलं. जे जहाजं घेऊन थोरल्या पाण्यावर जातात ते देवाची करणी बघतात. वादळात ते आभाळाला चढतात, खोल उतरतात, दारुड्यासारखे झोकांड्या खातात, त्यांची सगळी अक्कल संपते. मग ते हाक मारतात. आणि तो वादळ शांत करतो, त्यांना हव्या त्या बंदराला नेतो. दानियलचं बंदर कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्यातला म्हातारा ढिवर मात्र पुटपुटला, "खरं हाय जी. पाण्यात अक्कल कामाले येत नाही."

मग त्यांनी मलिदा केला. सगुणेनं घरच्या धानाचे पोहे दिले होते. त्यात गूळ, नारळ, वर केळी, पेरू, सीताफळं. झाडावरच्या फळाला वेगळा आशीर्वाद, जमिनीतून येतं त्याला वेगळा, सुवासाला आणखी वेगळा. "तुमचा देव भारी चौकस दिसते जी," मी म्हणालो. बाबू खो खो हसले. त्या दुपारी दहाही माणसं हसत मलिदा खात होती. मधेच सैन्याची गाडी आली, बिसराम तोंडातला घास तसाच घेऊन पळाला.

सगळे गेल्यावर बाबू म्हणाले, "दानियलसाठी मी तरी हाय. रजा सुटली की जाईन. माझ्यामागं माझ्यासाठी कोण?"

"मी जातो," मी म्हणालो. "तुमचेच दहा. खरं माप."

पुढं काही वर्षांनी, माघात, तापानं ते तीन दिवसांत गेले. लढाई संपली होती, इंग्रज जायच्या बेतात होते. शेवटी शुद्धीवर आले तेव्हा आधी बिसरामला विचारलं, "टाकी भरली का?" मग माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "दहा." त्यांनी सांगून ठेवलं होतं तसं आम्ही त्यांना न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि तलावाच्या काठी आमच्या आमराईत पुरलं. रडलो. पण काम अर्धंच झालं होतं.

मी नागपूरच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. बाबूंनी लिहून दिलेला पत्ता घेऊन मुंबईला पोचलो. बंदराजवळच्या गल्लीत त्यांचं प्रार्थनाघर, ते लोकच त्याला मशीद म्हणत. तिथला प्रार्थना चालवणारा म्हातारा हज्जान बाबूंसारखंच 'नाय, हाय' बोलत होता, ऐकून जीव थंडावला. पहिल्या संध्याकाळी सात जण आले. दुसऱ्या संध्याकाळी नऊ. हज्जान म्हणाला, "एक कमी हाय. उद्या बघू."

"उद्या सकाळी माही गाडी हाय," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

गोदीची पाळी सुटली होती. लोंढा चालला होता. मी मधे उभा राहून विचारायचो, "तुमी शनवार पाळणारे का जी?" कोणी हसे, कोणी ढकलून जाई. मग डोक्यात उजेड पडला. वारा पडू दे, लेका. मी भिंतीला टेकून गप्प उभा राहिलो. गर्दी ओसरली, एकेकटे मागं राहिलेले येऊ लागले. त्यांना थांबवता येत होतं. सहाव्या की सातव्याच्या अंगाला इंजिनाच्या तेलाचा वास आला. तिशीतला गडी. विचारलं, तर हो म्हणाला. "पण आज नको, काका. सकाळपासून बोटीच्या पोटात होतो."

"मंग तर तुमीच पायजे," मी त्याचा हात धरला. "आमचे बाबूबी बोटीच्या पोटातच होते. एक कमी पडून राह्यला."

तो माझ्याबरोबर चालू लागला. आत गेल्यावर त्यानं हात धुतले, डोकं झाकलं. मी शेवटच्या बाकावर, मोजणीच्या बाहेर, दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलो. हज्जानानं मान हलवत एकेकाकडे बघायला सुरुवात केली. "एक नाय, दोन नाय..."

त्याच्याबरोबर मीही मनात मोजू लागलो. लाभ, दोन, तीन, चार. दहापर्यंत आलो. माप भरलं होतं, आणि खरं होतं.