डावीकडे कमी येतंय

आजवर मी तीन माणसांच्या कानाखाली वाजवली आहे. एक लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला हमाल, त्यानं पिऊन येऊन माझ्या कारखान्याच्या स्टोअरमधल्या पोरीचा हात धरला होता. दुसरा मोबाईलच्या सामानाचा दुकानदार. आणि या दोघांच्याही कितीतरी आधी, माझा सख्खा धाकटा भाऊ. हमालाचं मला आजही काही वाटत नाही. बाकी दोघांचं सांगते.

आमच्या घराण्याचा हातच जड. वडील ट्रकवर होते. महिन्यातले चार-सहा दिवस घरी असायचे आणि तेवढ्यात महिन्याभराची मारझोड उरकून जायचे. पट्टा, चप्पल, जे हाती येईल ते. एकदा चाकाचा पाना फेकला, तो माझ्या डोक्यावरून जाऊन दाराला लागला. दाराच्या फळीत अजून खोक आहे. आई गेल्यावर धाकट्याला मीच वाढवला, तोही तसाच. भात सांडला, दे धपाटा. उशिरा आला, दे धपाटा. न मारता पोरगं वाढतं हे मला ठाऊकच नव्हतं.

तो गाण्याचा येडा निघाला. आता चोवीस वर्षांचा आहे. मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकून त्यानं आवाज भरायची जागा केली आहे. जयंतीच्या दिवसांत भीमगीतं गाणारे येतात, लग्नाच्या दिवसांत पुसदकडून बंजारा गाणारे येतात. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, गाणारा घामानं भिजलेला, आणि आमचा हा लॅपटॉपसमोर हेडफोन लावून बसलेला. ढोलकी मधोमध, हार्मोनियम जरा डावीकडे, कोरस उजवीकडे, असं सगळं मांडायचं. याला मिक्सिंग म्हणतात. आमच्याकडच्या डीजेवर सगळं एकाच भोंग्यातून ढणाढणा वाजतं, त्यामुळे डावं-उजवं कुणी विचारत नव्हतं.

मग नागपूरच्या एका स्टुडिओनं विचारलं. एक गाणं मिक्स करून पाठव, जमलं तर कायमचा ये. धाकट्यानं चार रात्री जागून पाठवलं. परत आलं, सोबत दोन ओळी: डावी बाजू फार जड झाली आहे. चार दिवसांत नीट करून पाठवा, नाहीतर राहू द्या.

राहू द्या म्हणजे माझ्या कारखान्यात येऊन पाइप मोजा. दुसरं काही नव्हतं.

"ताई, माही चूक नाई," तो म्हणाला. "ह्या डॅकमंधी डावीकडं कमीच येते. म्हनून मी डावं वाढवतो, आन् तिकडं ते जास्त होते."

हल्लीच्या फोनला हेडफोनचं भोक नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. मग बोटाएवढी एक डबी मधे लावावी लागते. फोनमधल्या आकड्यांचा ती आवाज करते आणि हेडफोनला देते. तीच लॅपटॉपलाही चालते. तिलाच हा डॅक म्हणतो. त्याच्याकडं होता तो स्वस्तातला. दुसरा त्यानं मित्राकडून आणला. तिसरा, धातूचा, जडसर, मी स्वतः यवतमाळच्या दुकानातून घेऊन आले.

आणि तपासायला मीच बसले. स्टोअरमध्ये माल तपासण्यात माझी तेरा वर्षं गेली. रीत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेच गाणं, तेच हेडफोन, तेवढाच आवाज, आधी फोनवर, मग लॅपटॉपवर. स्वस्तातल्यात गाणं थांबलं की मागे सूं ऐकू येत होतं, आणि लॅपटॉपला चार्जर लावला की गुणगुण सुरू. मित्राच्यात आवाज भरपूर, पण डबी हाताला चटका बसेल एवढी तापायची आणि फोनची बॅटरी डोळ्यांदेखत उतरायची. तिसरा मात्र साफ. गाणाऱ्या बाईनं ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास मला, माझ्यासारख्या ठोंब्या बाईला, ऐकू आला. मी वहीत लिहिलं: तिसरा पास.

धाकट्यानं हेडफोन घातले, डोळे मिटले आणि म्हणाला, "ह्याच्यातबी डावीकडं कमीच येते."

मला तर तिन्हींत दोन्हीकडे सारखं वाटलं होतं. पण मला गाण्यातलं काय कळतं? त्याचा कान तयार, माझा कारखान्याच्या धडधडीत गेलेला. शिवाय हा पहिल्यापासूनच असा. शाळेत असताना वर्षाला तीन-तीन इअरफोन फेकायचा, डावा गेला म्हणून. वस्तू सांभाळता येत नाहीत म्हणून मी त्याबद्दलही त्याला बडवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला घेऊन दुकानात गेले. डोकं आधीच तापलेलं. दुकानदारानं तीच डबी लावून स्वतः ऐकलं. "मले तं बराबर येऊन राह्यलं, ताई." मग त्यानं दुसरी नवी कोरी फोडून दिली. धाकटा ऐकून मान हलवायला लागला. दुकानदार हसला, बाकीच्या गिऱ्हाइकांकडं बघून म्हणाला, "माल चांगला हाय. भावाचे कान तपासून घ्या एकडाव."

मी काउंटरवरून हात घालून त्याच्या कानाखाली वाजवली.

आवाज असा झाला की रस्त्यावरचे लोक थांबले. पाचही बोटं उमटली. मी बाईमाणूस, माझ्यावर हात टाकता येईना, म्हणून दुकानदारानं धाकट्याची कॉलर धरली आणि त्याला काउंटरवर आपटलं. काच तडकली. मी त्याच्या मनगटाला नखं लावली, रक्त निघेपर्यंत. कुणीतरी मला मागून ओढत होतं, त्यालाही कोपर बसलं. "पोलिसात देतो तुले," दुकानदार ओरडला. मी म्हटलं, "दे ना. पन आधी तुहा खोटा माल साऱ्यायले दाखवते."

खोटं उघडं करायची रीत मला येत होती. आमच्या बाजारात भाजीवाल्याच्या तराजूचा संशय आला की बाया भांडत नाहीत. वजनं या पारड्यातून त्या पारड्यात टाकायला लावतात. खोट कुठं आहे ते लगेच दिसतं.

मी धाकट्याच्या गळ्यात लोंबणारे हेडफोन उचलले आणि त्याच्या डोक्यावर उलटे घातले. डावा उजव्या कानाला, उजवा डाव्याला. डबी खोटी असेल तर आता उजव्या कानात कमी यायला हवं. गाणं लावलं. "सांग आता, कुठं कमी येते?"

त्यानं डोळे मिटले. मग उघडले. त्याचा हात डाव्या कानाकडे गेला.

मी पुन्हा सरळ घातले. पुन्हा उलटे. दुसरी डबी लावली. प्रत्येक वेळी हात डाव्याच कानाकडे. दुकानदाराचा गाल लाल झालेला, त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. मघाचा राग कुठं गेला कुणास ठाऊक, त्यानं हळूच धाकट्याला विचारलं, "लहानपनी मार लागलता का रे, भाऊ?"

"झाडावरून पडलतो," धाकटा म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी आत्ताच देऊन बसले होते. झाड कुठलं आणि पडणं कुठलं. ते वाक्य मी त्याला पढवलं होतं.

तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. लोहाऱ्याच्या नोकरीसाठी मला फोन येणार होता, आणि हा माझा फोन घेऊन दिवसभर गाणी ऐकत बसला. बॅटरी संपली, फोन बंद पडला, फोन आला असेल तर तो गेला. मी त्याला गच्चीवर गाठला आणि सगळा जीव एकवटून उघड्या तळहाताची मारली, डाव्या कानावर. तो रडला नाही. बसला, ओकला, उठायला गेला तर तोल जाऊन पुन्हा पडला. संध्याकाळी उशीवर लालसर पाणी दिसलं. मी घाबरले, लसणाचं कोमट तेल कानात सोडलं, आणि वडील येण्याआधी त्याला सांगितलं, "झाडावरून पडलो म्हनायचं. कोनाले सांगशीन तं दुसऱ्या कानाखाली ठेवीन." आठवडाभरात तो खेळायला लागला. नोकरीचा फोन दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी विसरून गेले. खरंच विसरून गेले, हेच मला खातं.

दुकानदारानं पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही. मी त्याच्यापुढे हात जोडले आणि काच बसवून दिली. धाकटा घरी आला, हेडफोन उलटसुलट घालत रात्रभर बसला. आधी सरळ ऐकून मांडायचं, मग उलटं ऐकून मांडायचं, आणि दोहोंच्या मधे ठेवायचं. चौथ्या दिवशी पाठवलं. उत्तर आलं: आता बरोबर आहे, सोमवारी या.

रविवारी दवाखाना बंद, म्हणून शनिवारी मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं बारीक दिवा लावून बघितलं. पडद्याला भोक आहे, जुनं आहे, शिवता येईल, पण गेलेलं ऐकणं किती परत येईल सांगता येत नाही. मग लिहायला कागद ओढला. "कशानं झालं?"

"झाडाव..." धाकट्यानं सुरुवात केली.

"मी मारलं," मी म्हटलं. अगदी पुटपुटल्यासारखं. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. तो वळून म्हणाला, "काय म्हनली, ताई?"

मग मी मोठ्यानं सांगितलं. तेरा वर्षांपूर्वी मी त्याला मारलं, तो कुठल्या झाडावरून पडला नाही, खोटं बोलायला मीच लावलं. डॉक्टर लिहायचा थांबला. मला वाटलं धाकटा उठून जाईल, शिव्या देईल, काहीतरी करेल. त्यानं उजवा कान माझ्याकडे केला, डॉक्टरकडे एकदा बघितलं आणि घाबरल्यासारखा हळूच म्हणाला,

"तूच तं म्हनली होती, सांगू नोको."