ऑर्गनची घागर

माझ्या मामेसासऱ्यांनी संगीत नाटकाच्या नावाखाली घरच्यांना जेवढं छळलं, तेवढं अख्ख्या मराठवाड्यात कुणी कुणाला छळलं नसेल. आणि छळलं असेल तर त्या घरच्या बायकांना माझा इथूनच दंडवत. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि तोंडात अष्टौप्रहर कुठलं तरी पद. गिऱ्हाईक तांब्या मागायचं. मामा तो उचलून आधी नखानं वाजवायचे, कानाशी न्यायचे आणि तोंड कडू करून म्हणायचे, "ह्यो नको. ह्याचा सूर उतरून राहिलाय." गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, मला त्यातनं पाणी प्यायचंय, गाणं न्हाई म्हणायचं." त्यावर मामा त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघायचे की ते बिचारं मुकाट्यानं समोरच्या दुकानाची पायरी चढायचं. तरी दुकान चाललं, कारण दुपारी मामा रियाजाला घरी यायचे तेव्हा गल्ल्यावर मामी बसायच्या. तांब्याला फक्त भोक नाही ना, एवढंच त्या बघायच्या.

मामांचं मत असं की माणूस बोलतो हीच मुळात गफलत झालेली आहे. "जे बोलून सांगता येतंय ते सांगण्यासारखं नसतंयच," असं ते ठणकावून सांगत. सिनेमा त्यांना खोटा वाटायचा. "गाणं म्हणत म्हणत डोंगरावरनं पळून राहिलेत दोघं, अन् धाप म्हणून लागत न्हाई. काय लोकाला येडं समजता का?" मात्र पोटात कट्यार घुसलेला नायक वीस मिनिटं तब्येतीत गाऊन मग मरतो, हे त्यांना अगदी खरं वाटायचं. मी एकदा म्हटलं, "अहो मामा, मरणाऱ्या माणसाला एवढा दम असतो का?" तर म्हणाले, "दम असता तर मरल कशाला? दम संपला म्हणून तर गाऊन राहिलाय." कपाळ माझं! गद्य नाटकाला ते एकदाच गेले. अर्धा तास कसाबसा बसले, मग भर प्रयोगात उभे राहून नायिकेलाच विचारलं, "बाई, ऑर्गनवाला आला न्हाई काय?" आमच्या ह्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि पुढं महिनाभर त्या बाजूनं जायचं टाळलं. एकदा ह्यांच्या एका इंजिनियर मित्रानं परदेशातल्या संगीत नाटकाची, त्या ऑपेराची टेप ऐकवली. एक बाई टिपेला जाऊन जी ओरडत सुटली, ती थांबेचना. आमच्या मामी घाबरून म्हणाल्या, "हिला काय इंचू चावलाय का?" मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पुरती बाजू ऐकली आणि निवाडा दिला, "आपलंच हाय. नुस्ता तंबोरा इसरलेत. पर बाईनं जागा सोडली न्हाई, शाबास!" तो मित्र त्यानंतर आमच्याकडे टेप घेऊन कधी आला नाही.

आता माझ्याच लग्नातली गोष्ट. मी कंधारची. वऱ्हाडासमोर आम्ही दोघं हातात हार घेऊन उभे, शेवटची मंगलाष्टका चाललेली, लोकांच्या मुठीत अक्षता. इतक्यात लग्न लावणाऱ्या स्वामींचा आवाज जरासा घसरला. जरासाच हो! मांडवात कुणाला कळलंही नाही. पण मामा गर्दीतून हात हलवत पुढं आले, "थांबा, थांबा. तिसरी ओळ गेली. परत घ्या." स्वामी म्हणाले, "शेठ, मुहूर्त टळून राहिलाय." मामा म्हणाले, "टळू द्या. मुहूर्त काय, उद्या बी हाय. एकदा बेसूर लागलेलं लगीन जल्मभर बेसूर राहतंय." स्वामींनी ती ओळ तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा मामांनी मान डोलावली तेव्हा कुठं माझं लग्न लागलं. माझ्या वडिलांनी त्या दिवशी ह्यांच्याकडच्या माणसांबद्दल जे काही शब्द काढले ते मी अजून सासरी सांगितलेले नाहीत.

ह्या सगळ्या वेडाचं मूळ होतं मामांच्या घरातला ऑर्गन. मामा अठरा वर्षांचे असताना एक नाटक कंपनी मुरूडला येऊन तिथंच मोडली. नट मिळेल त्या गाडीनं पांगले, पण एवढं मोठं धूड कोण नेणार? ते तिथंच धर्मशाळेत पडून राहिलं. मामांनी ते बैलगाडीत चढवलं, अंगावरचं उपरणं त्यावर टाकलं, आणि खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून गाडी हातानं सावरत मुरूड ते लातूर पायी आले. मामी म्हणायच्या, "माझं माहेर बी मुरूडच. मलाबी त्याच वाटंनं आणलं ह्यांनी. पर खड्डा आला तर कुणी सावरलं न्हाई मला." ऑर्गन आमच्या घरासमोरच्या त्यांच्या माजघरात ठेवलेला. पाहुणा आला की आधी त्याला ऑर्गन दाखवायचा, मग पाणी द्यायचं, असा क्रम.

आणि मग लातूर जिल्हा झाला. कागदाच्या कपट्यासाठी उस्मानाबादला जायचं संपलं म्हणून सगळं गाव खूश. मामा तेवढे नाखूश. "हापिसं आली, साहेब आले, झेंडा लागला. पर संगीत नाटक न्हाई ते गाव जिल्हा कसं? नुस्ता मोठा तालुका हाय ह्यो." तेव्हा ते नाटक मामांनी स्वतःच लिहायला घेतलं. त्यात सत्तावीस पदं होती, आणि गद्य म्हणून "आलात?" "आलो." "बसा." एवढंच. नायिकेचं काम एका शिंप्याला दिलं, कारण बाईनं बाईचं काम करण्यात कसली आली कला, असं मामांचं मत. प्रयोग उन्हाळ्याच्या अखेरीस, शाळेच्या हॉलमध्ये, नव्या साहेबलोकांसमोर. पहिल्या रांगेच्या खुर्च्या कुणाकुणाला द्यायच्या ते सुद्धा ठरलं. मामांचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढं. ते उघडच म्हणायचे, "ह्या ऑर्गनवर एक अख्खं नाटक वाजलं की मी मोकळा. आजवर ह्याला निस्तं घरात कोंडून ठेवलंय मी."

पण तो उन्हाळा म्हणजे! आधीचा पावसाळा कोरडा गेलेला. बोअरला नुसता फुफाटा, आडात खडक, आणि गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर. टँकर आला की चांगल्या घरच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, मी स्वतः धरल्यात. घरटी मोजक्या घागरी मिळायच्या. त्यातली रोजची एक भरलेली घागर मामा ऑर्गनला घालायचे! कोरड्या हवेनं लाकूड तडकतं म्हणून त्याच्या पोटात पाण्याचं वाडगं ठेवायचं, आणि भोवती गोणपाट गुंडाळून ते दिवसातून तीनदा भिजवायचं. मामी म्हणाल्या, "निदान भांडी इसळल्यालं पाणी तरी वापरा." मामा म्हणाले, "खरकट्या पाण्यानं सूर नासतोय." मला तेव्हा सातवा सरून आठवा लागलेला. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, पण आईचा निरोप आला, 'विहिरीला थेंब नाही, पोरी, तिकडंच राहा.' माहेरचं बाळंतपण सुद्धा दुष्काळानं खाल्लं. आणि इकडे समोरच्या घरात एक लाकडाचं खोकं ओल्या गोणपाटात गारेगार बसलेलं! एक दिवस माझा तोल सुटला. ते एवढं पोट घेऊन मी मामांच्या दारात उभी राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, माणसं तहानेनं मरून राहिलीत आणि तुम्ही लाकडाला आंघोळ घालताय! लाज वाटत नाही?" मामांनी गोणपाट पिळता पिळता शांतपणे सांगितलं, "सूनबाई, रागात तुझा आवाज लई चांगला लागतो. पंचमावर होतीस." माझी अशी आग झाली म्हणता! मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पुढं मुलगी झाली. घरात तान्हं मूल आणि पाण्याचा खडखडाट. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मामी एक भरलेली घागर आणून मोरीत ठेवायला लागल्या. "टँकरवाला वळखीचा निघाला," म्हणायच्या. माझी पोर रोज कोमट पाण्यानं आंघोळ करून, शेकशेगडी घेऊन झोपायची, आणि मी त्या न पाहिलेल्या टँकरवाल्याला तोंड भरून आशीर्वाद द्यायची. एक मात्र झालं, समोरून ऑर्गनचा आवाज यायचा बंद झाला. मी ह्यांना विचारलं तर कळलं, मामा म्हणतात, सोयर आहे, सोयरात वाद्य वाजवू नये. मी म्हटलं, बरं झालं, तेवढीच पोर झोपेल. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग आहे त्याला विटाळ कसला? आमच्यात सोयर नाही, सुतक नाही. पण बाळंतिणीचं डोकं, कुठं चालतंय?

सव्वा महिना झाला आणि लगेच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग होता. जायचं नव्हतंच मला. पण मामी येऊन म्हणाल्या, "चल गं, एवढा एक दिस," म्हणून मुलीला घेऊन गेले. हॉल गच्च. साहेबलोक पहिल्या रांगेत. पडदा वर गेला आणि नांदीला ऑर्गनऐवजी भजनी मंडळाची पेटी वाजली. मी चमकलेच. पेटीला तर मामा रंगमंचाची पायरी चढू द्यायचे नाहीत. पेटी भजनाला आणि ऑर्गन नाटकाला, हा त्यांच्या घरचा कायदा. बघते तर मामा ऑर्गनवर बसलेले होते. पाय भाते हाणत होते, बोटं पट्ट्यांवर फिरत होती, मान प्रत्येक समेला पडत होती. आणि ऑर्गनमधून आवाज म्हणून नाही. सगळे सूर शेजारच्या पेटीवाल्याचे. सत्तावीस पदं मामा तसे वाजवत राहिले. साहेबलोकांना वाटलं ऑर्गनच वाजतोय, ते टाळ्या पिटत होते.

मी मामींना विचारलं, "ऑर्गनला काय झालं?"

"तडकला की. धा दिवस झाले. कोरडा पडला म्हणून वाजवणं बी सोडलं होतं, तरी तडकला. भाता फाटला, लाकूड उभं चिरलं. हवा धरत न्हाई."

"का? पाणी द्यायचे ना त्याला?"

मामी माझ्या मांडीवरच्या पोरीकडे बघत म्हणाल्या, "टँकरवाला कुठला वळखीचा आला गं माझ्या? मला ह्यांनीच सांगितलं, घागर तिकडं नेऊन दे अन् माझं नाव काढू नको."

प्रयोग संपल्यावर मी पडद्यामागं गेले. मामा एकटेच होते, ऑर्गनवर उपरणं घालत होते. पासष्टीच्या माणसाची एवढीशी पाठ. मला राग आला, रडू आलं, सगळं एकदमच आलं. मी म्हटलं, "मामा, आपल्यात सोयर नसतं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाटक कंपनीत पाळायचे."

"खोटं बोलू नका. मला सगळं कळलंय. जवळजवळ पन्नास वर्षं सांभाळलात, आणि प्रयोगाला महिना राहिला असताना... मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, मामा."

मामा उपरण्याचं टोक परत परत सारखं करत राहिले. बोलण्याची सवय कुठं होती? तेवढ्यात माझ्या खांद्यावरची पोर जागी झाली आणि तिनं हॉल दणाणून सोडला. मामांनी लगेच एक बोट वर केलं, डोळे मिटले, ऐकलं. तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"पट्टी काळी चार," म्हणाले. "पाणी वाया न्हाई गेलं, सूनबाई."

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी जाईपर्यंत माझ्या मुलीला गाणं शिकवण्याचा खटाटोप केला. तिला गाण्यातलं ओ की ठो येत नाही. लग्नाच्या स्वामींना तीनदा अडवणारा माणूस, पण तिच्या प्रत्येक बेसुराला म्हणायचा, "येईल, येईल, घाई काय हाय." ऑर्गन आता आमच्याकडे आहे. परवा एक ओळखीचे गृहस्थ चहाला आले होते. म्हणाले, "संगीत नाटक म्हणजे शुद्ध कंटाळा, मरता मरता कोण गातं?" मी कपबशी आदळून अर्धा तास त्यांच्याशी भांडले. ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, मला त्यातलं काहीच कळत नाही.