अर्ध्या हळकुंडाची मुकादमी

आमच्या कंपनीतले साहेब गेले ते हुकमाने गेले. सकाळी मी कामावर आले तर फाटकाजवळच्या फळ्यावर कागद डकवलेला होता: ‘आजपासून या कंपनीत कोणीही कोणाचा साहेब नाही. सर्वांनी याची नोंद घ्यावी. मालकांच्या आदेशावरून.’ मी तो दोनदा वाचला आणि फिस्सकन हसले. मग ध्यानात आलं, ज्यांची साहेबी गेली त्यांत मीपण आहे. हसू तिथंच आटलं.

हट्टा गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचा हळदीचा कारखाना आहे. गावोगावची वाळलेली हळद येते, लोखंडी ड्रममध्ये फिरवून तिला पॉलिश करतात, मग आम्ही बायका बसून ती निवडतो आणि पोती शिवून ट्रकमध्ये जातात. निवडणीला चौदा बायका. त्यांच्यावर मुकादमीण मी, अकरा वर्षं. मला प्लास्टिकची खुर्ची होती, बाकीच्यांना बारदान. पाणी प्यायला उठायचं तरी मला विचारून उठायचं. मालकांना बायकांना काही सांगायचं असलं की ते मला सांगत. बायकांचं काही असलं की त्या मला सांगत आणि मी मालकांना. त्यातलं निम्मं मी वाटेतच गिळून टाकायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, ते माझं झालं होतं, आणि तेही हळकुंडांच्या ढिगाऱ्याशेजारी बसून.

तो कागद मालकांच्या मुलीने लावला होता. ती पुण्यात शिकली, तिथं नोकरी केली, आणि वडलांना दम लागायला लागला तशी परत येऊन कारभार बघू लागली. आम्ही तिला ताई म्हणतो. तिने सगळ्यांना शेडमध्ये बसवून सांगितलं की ज्याच्या हातात काम त्यालाच त्यातलं जास्त कळतं, तेव्हा ठरवायचंही त्यानेच. मुकादम, सुपरवायझर, मॅनेजर, सगळी पदं बंद. पगार कुणाचा कमी होणार नाही. कोणता माल बाहेर जाईल हे निवडणीच्या बायका ठरवतील, आणि त्यांच्या शब्दावर कुणाचा शब्द चालणार नाही.

“मंग म्या काय करू?” मी विचारलं.

“तुम्ही हळद निवडा,” ताई म्हणाली. चौदा जणी पदर तोंडाला लावून हसल्या. मला इतका राग आला की त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. दुपारची सुट्टी कधी घ्यायची, असं ताईने विचारलं तर चौदाही जणी माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमी म्हणता तवा. एक दिवस तर कहर झाला. ड्रममधला माल संपला. एरवी मी हात वर करून ‘बंद’ म्हणायचे, मग ड्रमवाला बटण दाबायचा. त्या दिवशी मी मुद्दाम तोंड फिरवून बसले. ड्रमवाला बायकांकडे बघतोय, बायका माझ्याकडे, मी भिंतीकडे. रिकामा ड्रम खडखड करत अर्धा तास फिरला. कुणी म्हणून बंद म्हणेना. मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. म्हटलं, बघा आता, आमच्याशिवाय कसं चालतंय.

शेवटी आमच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई उठली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तिने स्वतः जाऊन बटण दाबलं आणि आमच्याकडे वळली.

“तहान लागली तं मेंढरूबी कुणाला इचारत न्हाई,” ती म्हणाली. “आपुन काहून इचारून राहिलो?”

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण ते मला लागलं. आपण इतकी वर्षं या बायांना काय शिकवलं, तर थांबायलासुद्धा परवानगी मागायला. घरी जाताना मला माझीच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी खुर्ची मी तिला दिली आणि बारदानावर बसले. गुडघे महिनाभर बोंबलत होते.

पी हळद अन् हो गोरी, असं अर्थातच काही झालं नाही. भांडणं झाली, रुसवे झाले, दोघी तर आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण एक रीत बसली. माल पोत्यात भरण्याआधी प्रत्येकीने ढिगातून आपल्या मनाने एक हळकुंड उचलायचं आणि मोडायचं. कोरडं असलं तर कट्‌कन तुटतं, ओल असली तर वाकतं. एकीचं जरी वाकलं तरी पोतं शिवायचं नाही. ही रीत कुण्या पुस्तकातली नव्हती, ताईचीही नव्हती. आमची होती.

यंदा उन्हाळ्यात अवकाळीने गाठलं आणि अंगणात पसरलेल्या मालावर पाणी पडलं. वरून सुकलेला दिसत होता, पण तिघींच्या हातात हळकुंड वाकलं. आम्ही माल परत उन्हात टाकायचं ठरवलं. ताई हैदराबादला गेलेली, फोन लागेना, आणि व्यापाऱ्याचा ट्रक फाटकात उभा. ड्रायव्हरने थेट मालकांना फोन केला. मालक काठी टेकत आले. कुणाकडे न बघता सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

“बायांना सांग, पोती शिवा,” ते म्हणाले.

मी सांगितलं की माल ओला आहे, पोत्यात बुरशी धरेल. ते म्हणाले, शब्द दिलेला आहे, वरून सुका दिसतोय, आत कोण बघतंय. मग वाकून हळू आवाजात बोलले की पोरीचं हे खूळ फार दिवस चालायचं नाही, आज एवढं काम कर, उद्यापासून तू परत मुकादमीण.

खोटं कशाला बोलू, मन हललं. अकरा वर्षांची सवय आहे ती. पण चौदा जणींचे हात थांबले होते आणि त्या माझ्याकडे तशाच बघत होत्या, जशा ड्रमच्या दिवशी बघत होत्या. मला ती नजर परत नको होती.

“मालक, म्या मुकादमीण न्हाई,” मी म्हणाले. “बायांना सांगायचं तं बायांना सांगा.”

मालक बायकांकडे वळले. तोंड उघडलं. हाक मारणार कुणाला? वर्षानुवर्षं या बाया त्यांच्या फाटकातून आत आल्या आणि बाहेर गेल्या, पण एकीचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती, मधे मी होते ना. त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. मी नावं पुरवावीत असं त्यांना वाटत होतं. चौदाही नावं माझ्या ओठांवर होती, गावासकट, लेकरांसकट. मी खाली मान घालून हळद निवडू लागले.

मग मालक त्या म्हाताऱ्या बाईला म्हणाले, “बाई, तुमचं नाव काय?”

ती जागची उठली नाही. तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं, आडनाव, गाव, सगळं सावकाश सांगितलं, आणि म्हणाली, “माल न्हाई जाणार.” तिच्या शेजारची न विचारताच बोलली. नाव, गाव, न्हाई. मग तिसरी. मालक काठीवर भार देऊन एकेकीचं ऐकत राहिले, चौदावीपर्यंत.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांनी मला ‘मुकादमीण’ याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. मी माझं नाव सांगितलं.