कान वाजले नाहीत

१९३४ च्या भाद्रपदात, तापाच्या नवव्या दिवशी, सकाळी माझी थोरली बहीण वारली. ताप हिवाचा होता. सात दिवस तिने कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, चौदा गोळ्या घेतल्या होत्या. त्या घेतल्या, हे मी खात्रीने सांगतो, कारण प्रत्येक गोळी मी माझ्या हाताने तिला दिली होती.

बहिणीचे सासर नवापूरकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, खांडबाऱ्याजवळच्या एका बाजारगावात होते. मी तेव्हा धुळ्याच्या एका साप्ताहिकात मुद्रिते तपासत असे आणि बातम्या जमवत असे. निरोप आला म्हणून रजा घेऊन गेलो. गावात एक खासगी दवाखाना होता. डॉक्टर नंदुरबारहून फक्त बुधवारी येत. बाकीचे सहा दिवस दवाखाना कंपाउंडरच्या हाती असे. त्या आठवड्यात पावसामुळे डॉक्टर बुधवारीही आले नव्हते.

कोयनेल इतके कडू की लोक पूड जिभेवर पडताच थुंकून टाकत. त्या वर्षी कंपाउंडरने यावर तोड काढली. डोंगरातले लोक पळसावरची लाख बाजारात विकायला आणत. चुडेवाले तिच्या बांगड्या करत. कंपाउंडरने ती लाख स्पिरिटमध्ये विरघळवून गोळ्यांवर तिचे तीन हात दिले. गोळी लाल, चकचकीत दिसे आणि तोंडात कडू लागत नसे. आसपासच्या गावांतून लोक ती मागायला येऊ लागले.

कोयनेल अंगी लागले की कान वाजतात. हे तिकडे सगळ्यांना माहीत होते. घरात कोणी औषध घेतले की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तोच असे. पाचव्या दिवशी बहीण म्हणाली, "भाऊ, गोयी कडू लागस नही, ते बेस शे. पन मन्हा कान काही वाजतंस नही."

मी दवाखान्यात गेलो. कंपाउंडर खुर्चीत शाल पांघरून बसला होता. पुढे काचेचा पेला आणि पिळलेल्या लिंबाच्या दोन फोडी होत्या.

"जरा मोठ्याने बोला, पेपरवाले," तो म्हणाला. "मलाही परवापासून ताप आहे. कान वाजताहेत."

मी मोठ्याने सांगितले.

"कान वाजायला काय सनईवाला पाठवू? अहो, तुमच्या बाया गोळी गालात धरतात आणि चुलीमागे थुंकतात. मग म्हणतात गुण नाही. आधी घरात बघा."

"मी स्वतः देतो."

"देता हो. गिळते का ते बघा."

पेल्यात काय आहे, असे मी विचारले. लिंबाच्या रसात कोयनेलची पूड, असे त्याने सांगितले. तीच पूड बहिणीला द्या, असे मी म्हणालो. आजारी बाईला तेवढे कडू सोसणार नाही, गोळीच चालू ठेवा, असे त्याचे उत्तर होते. मी गोळ्या घेऊन परत आलो. घरात सर्वांसमोर बहिणीला विचारले, थुंकतेस का. तिने नकारार्थी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर ती माझ्याशी फारसे बोलली नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या सासूने माझ्यापुढे नारळाची करवंटी ठेवली. आत अकरा लाल गोळ्या होत्या, धुतलेल्या. शेवटचे दिवस बहिणीला उठवत नव्हते, तिचे सगळे सासूच करी.

"जश्या गिळ्यात तश्याच बाहेर उन्यात," सासू म्हणाली. "फेकी दिध्यात म्हनतीन ना दवाखानावाला, म्हनीसन ह्या ठेयेल शेतस."

आधी का सांगितले नाही, असे मी विचारले.

"अशी गोट भाऊले कशी सांगू, बाबा?"

मी एक गोळी खलात फोडली. आतली पूड पांढरी आणि कोरडी होती. जिभेला लावली. कडू होती.

बुधवारी करवंटी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक गोळी कोमट पाण्याच्या पेल्यात टाकली आणि रोगी तपासायला बसले. चार तासांनी उठले तेव्हा पाणी स्वच्छ होते आणि गोळी तळाशी तशीच होती. कंपाउंडर दारात उभा होता. "लोक घेत नव्हते, म्हणून केले," एवढेच तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी काढले. मग मी नोंदवही मागितली. बहिणीच्या नावापुढे कंपाउंडरच्या अक्षरात लिहिले होते: रोग्याने औषध घेतले नाही. ही ओळ खोडा, असे मी म्हणालो. झालेली नोंद खोडता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

साप्ताहिकात चार ओळींची बातमी आली. संपादकांनी तिच्यातले कंपाउंडरचे नाव काढले. मी ते कात्रणाच्या कडेला शाईने लिहिले.

त्याला नवापूरला एका दवाखान्यात काम मिळाले. महिनाभरात तिथल्या डॉक्टरांना माझे पाकीट गेले. आत कात्रण, एक गोळी आणि माझी एक ओळ: ही गोळी करणारा आपल्याकडे आहे. पुढे तो सोनगडला गेला, नंतर व्याऱ्याला, मग परत फिरून तळोद्याला. रेल्वेचे गार्ड आणि बाजारचे व्यापारी मला बातम्या देत, तेच माझे काम होते. प्रत्येक ठिकाणी पाकीट गेले. प्रत्येक ठिकाणी काही आठवड्यांत त्याचे काम सुटले.

१९३८ मध्ये, उन्हाळ्यात, तो धुळ्याला छापखान्यात आला. चपला दाराबाहेर काढल्या. अंगात दवाखान्याचाच जुना कोट होता.

"दादा, चार वर्षं होत आली. मला तीन पोरं आहेत. मी मुद्दाम केलं नव्हतं. आता पुरे करा."

यंत्र बंद होते. खोलीत आवाज नव्हता.

"जरा मोठ्याने बोला," मी म्हणालो. "माझे कान वाजताहेत."

 बहिणीची नोंद चुकीची होती, असे लिहून देतो, असे तो म्हणाला. मी कागद आणि टाक पुढे केला. त्याने लिहिले, सही केली. तो कागद मी नंदुरबारच्या डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी तो नोंदवहीला टाचला आणि तसे मला कळवले. कंपाउंडरने त्यानंतर शहाद्याला काम धरले. तिथेही पाकीट गेले.

पुढे कोणी त्याला ठेवीना. तो कळसाडीकडे एका उसाच्या मळ्यावर मजुरांची हजेरी घेतो, असे १९४१ च्या पावसाळ्यात कळले. त्या वर्षी तिकडे हिवतापाची साथ होती. माझ्याकडे चार गोळ्या उरल्या होत्या. त्यांतली एक मी पाकिटात घातली, पाकिटाला लाख लावली आणि रजिस्टर करून थेट त्याच्या नावाने पाठवले.

सतरा दिवसांनी पाकीट परत आले. पत्त्यावर आडवी रेघ होती. खाली पोस्टमनने लिहिले होते: घेणारा तापाने मयत. मागच्या बाजूची लाख शाबूत होती.