साखरेचे जर्मन आजोबा

“ही एक ओळ काढा. बाकी सगळं छान आहे,” हेर नोवाक बॉक्सच्या नमुन्यावर बोट ठेवून म्हणाले.

जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत आणि ‘फ्राऊ’ म्हणजे श्रीमती. नोवाक पोलंडमधले मिठाईवाले. त्यांचा देश नुकताच युरोपियन युनियनमध्ये आला होता आणि छपाई चांगली म्हणून ते ड्युसेलडॉर्फच्या आमच्या पॅकेजिंग एजन्सीकडे आले होते. बॉक्सवरचा मजकूर माझ्याकडे. पोलिशमध्ये साखरेला ‘त्सुकिएर’ म्हणतात. त्या शब्दाची वंशावळ झाकणावर छापायची, ही कल्पना त्यांचीच.

मी ती जुळवली होती. संस्कृत शर्करा, म्हणजे मुळात बारीक खडे. मग फारसी शकर, अरबी सुक्कर, इटालियन झुक्केरो, जर्मन त्सुकर आणि शेवटी पोलिश त्सुकिएर. आपली साखरही याच घराण्यातली, फक्त ती घर सोडून गेली नाही. नोवाकना जर्मन ओळ नको होती.

“दुसऱ्या महायुद्धात माझ्या वडिलांना इथे मजुरीला जुंपलं होतं. त्यांच्या दुकानाच्या बॉक्सवर हे नको. तुम्ही भारतीय आहात, शब्द थेट भारतातून आला असं लिहा. तुमच्याच देशाचं नाव होईल.”

माझं प्रोबेट्साइट, म्हणजे प्रोबेशन, संपत आलं होतं. एवढा मोठा क्लायंट माझ्यामुळे गेला असता तर नोकरी गेली असती, आणि व्हिसा नोकरीवर अवलंबून होता. मी बॉसकडे, फ्राऊ ब्रांटकडे पाहिलं.

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. “आल्झो, तर मग मजकूर फ्राऊ जोशींचा आहे. त्या ठरवतील.”

मग मी म्हणाले, “हेर नोवाक, आमच्याकडे श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा अशी ओळीनं नावं घेतात. आजोबांशी वैर होतं म्हणून त्यांना गाळून पणजोबांवर जाता येत नाही.”

“आणि आजोबांनी खरोखरच वाईट केलं असेल तर?”

“तरी नाव घ्यायचं. कौतुक करायची सक्ती नाही.”

त्यांनी नमुना स्वतःकडे ओढून घेतला. “ठेवा,” ते शेवटी म्हणाले. “पण त्या ओळीचं अक्षर सगळ्यात लहान.”

तेवढं मी आनंदानं मान्य केलं.

प्रोबेशन पार पडलं. पहिला भरलेला बॉक्स ऑफिसात आला तेव्हा फ्राऊ ब्रांटनी तो आधी माझ्यापुढे धरला. त्या दिवशी त्या “काढा” म्हणाल्या असत्या, तर मी निमूटपणे ती ओळ काढली असती. त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही. खरं लिहायला धाडस लागतं म्हणतात. माझा अनुभव असा, की आधी चांगली बॉस लागते.